बेलफास्टात मी कुठं कुठं जेवले

मँचेस्टर
२४ एप्रिल १९९५

चि. सुनीतीस,

मी तुझी आई. ओळख पटावी म्हणून सांगते: ठेंगणी, नऊवारी नेसते, नाकाच्या शेंड्यावर तीळ, उजवा गुडघा धरलेला. गेल्या आठवड्यात चार दिवस तुझ्याच गावात होते. तुझ्या लक्षात नसेल. रोज इतक्या लोकांना भूल देऊन झोपवणारी बाई तू, त्यात पेशंट कोण नि आई कोण हे कुठवर ध्यानात ठेवणार!

हे मंजिरी लिहून घेतेय. त्यामुळं सुनेबद्दल ह्या पत्रात सगळं चांगलंच येईल. लेकीबद्दल येणार नाही.

अतुल मला म्हणाला, आई, आपण सिटी ब्रेकला जायचं. सिटी ब्रेक म्हणजे काय, तर घरात चांगला गॅस असताना दुसऱ्याच्या गावात जाऊन चार दिवस विकतचं खायचं. त्याच्या हॉस्पिटलात सगळे करतात म्हणे. नातू यशोधन शाळेच्या कॅम्पला गेलेला, मंजिरीला रजा. मी विचारलं, कुठलं गाव? म्हणाला, बेलफास्ट, तिकडच्या बंदुका आता थांबल्यात. मी म्हटलं, मग सरळ सुनीकडे जायचं असं म्हण की! तर तुझा भाऊ बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. पायात सपाता होत्या त्याच्या.

मग हळूच म्हणाला, "सुनीकडे नाही उतरायचं. तिनं गेस्ट हाऊस ठरवून दिलंय. कुठं काय खायचं तेही सांगितलंय."

तू फोनवर काय म्हणालीस ते मी त्याच्याकडून वदवून घेतलं. "आई माझ्या घरी जेवत नाही ना, मग जिथं ती जेवेल अशी ठिकाणं सांगते." नाष्टा इथं, चहा तिथं, रात्रीचं अमक्या ठिकाणी. परक्या पाहुण्याला सांगावं तसं.

आता ऐक. लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा नेम मी काढलेला नाही. माझ्या आईनं पाळला, तिच्या आईनं पाळला. सहा वर्षांमागं मी तुझ्याकडे आले तेव्हा माझा शिधा मी बरोबर आणला होता. बाजारपेठेच्या तोंडाशी त्या बंदूकवाल्या शिपायानं पिशवी तपासली, माझ्या मेतकुटाच्या डब्यात बोट घालून हुंगलं, तेही मी सोसलं. तुझ्या गॅसवर माझा मीच भात शिजवला आणि मीठ-पाण्याचं म्हणून निघताना बशीखाली एक पाउंड ठेवला. त्यात रागावण्यासारखं काय होतं? मी जेवत नाही हे खरं, पण तुझ्याकडे झोपत नाही असं कधी म्हटलं होतं? आडवं पडायला कुठला नेम आडवा येतो?

तर आता तुझ्या गावात खाण्यापिण्याची सोय कशी आहे ते तुझ्या आईकडून ऐकून घे.

पहिल्या दिवशी तू सांगितलेल्या चहाच्या ठिकाणी गेलो. पडदे, पांढरे टेबलक्लॉथ, तीन मजली ताटली. तिथं सगळ्याला 'वी' म्हणतात, म्हणजे छोटंसं. वी कप, वी केक. आणि पुढ्यात येते ती बादली. चहा मात्र खरा. आपल्या मिरजेच्या स्टँडवरच्या चहाच्या जवळपास जाणारा, मँचेस्टरसारखं धुणं धुतलेलं पाणी नव्हे.

तू आलीस. कोट काढला नाहीस. खुर्चीच्या टोकावर बसलीस, बस चुकेल अशी. मी म्हटलं, "घे की केक." तू म्हणालीस, "नको." म्हटलं, "पाणी तरी पी." तू ग्लास बोटानं बाजूला सारलास आणि म्हणालीस, "आईच्या पैशाचं मी नाही पीत. माझाही नेम आहे."

अतुल पुन्हा नाडी बांधायला वाकला.

सुनी, चारचौघांत मला कुणी असं बोललेलं नाही. तुझे बाबासुद्धा नाही, आणि त्यांची जीभ तुला ठाऊक आहे. तू गेल्यावर तो केक मी खाल्ला. तुझ्या वाटचाही खाल्ला. रागानं खाल्ला, म्हणून चव सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुला ड्यूटी होती म्हणून डोनलराव आम्हाला पबात घेऊन गेले. पंचाहत्तराव्या वर्षी मी दारूच्या दुकानात शिरले, तेही जावयाच्या हाताला धरून. आत लाकडाच्या छोट्या खोल्या, दार ओढलं की आपण कुणाला दिसत नाही. चांगली सोय आहे. अशी सोय तुझ्या बाबांना मिळाली असती तर ते घरीच आले नसते. मी लेमोनेड घेतलं आणि कुस्करलेला बटाटा. त्यात कांद्याची पात, मधोमध लोण्याचं तळं. आजाऱ्याला मऊभात देतो तसलं, पण जिवाला बरं वाटलं.

डोनलरावांनी खिशातून एक पाउंड काढून माझ्या ग्लासाशेजारी ठेवला. मंजिरीनं सांगितलं, तो माझाच. बशीखालचा. सहा वर्षं जपून ठेवलाय. त्यांना वाटलं, सासूबाईंनी हॉटेलात ठेवतात तशी टीप ठेवली. जन्मात पहिली टीप, म्हणून खर्च केली नाही म्हणाले. भूगोल शिकवतात शाळेत, त्यांना कुठून टीप मिळणार! मी हसले. मग ते दोनदा म्हणाले, घरी या. मी मंजिरीला म्हटलं, "सांग त्यांना, नातवंडाचं तोंड दाखवा, की पान वाढायच्या आत येऊन बसते." मंजिरीनं ते सांगितलं नाही. काहीतरी दुसरंच सांगितलं, कारण ते छान हसले, आणि मंजिरी आपल्या ज्यूसच्या ग्लासात बघत बसली.

(आता हे लिहिताना तिचं पेन थांबलंय. चालव गं.)

बाजारात शुक्रवारी जांभळं वाळवलेलं शेवाळ विकतात. समुद्रातलं. लोक चिवड्यासारखं खातात. मी चाखलं. त्याबद्दल तुला वेगळं रागवायचंय, पण जागा नाही.

आता एकच चांगलं सांगते. तुझ्या गावात मनानं वाढणारी बाई एकच भेटली, ती गेस्ट हाऊसची मालकीण. तिचा तो तपकिरी पाव! ताकातला, गोल, वरून सुरीनं चार भाग पाडलेला. बाहेरून कडक, आत मऊ. आणि त्यात ओवा! मी मंजिरीला म्हटलं, ह्या बाईला ओवा कुठून ठाऊक? ती म्हणाली, इथं तसलंच काही बी घालतात. तिन्ही सकाळी मी तोच खाल्ला. अतुल लोणी लावून पुढं सरकवायचा, "अजून एक, आई?" मी नको म्हणायचे नि खायचे. त्या बाईला मी हात जोडले तर ती लाजून आत पळाली. लेकीनं केलं नाही ते परकीनं केलं.

आणि हो, डोनलराव रोज सकाळी सायकलवरून तिथं कशाला येत होते? खिडकीतून मी पाहिलं. मंजिरी म्हणाली, पेपर टाकायला. शिकवणाऱ्या माणसाला पेपर टाकावे लागत असतील तर तू त्यांचा पगार विचार.

त्या बाईकडून तो पाव घेऊन मला पाठव. आणि दर पत्राखाली विचारते तेच विचारते: मला जेवायला कधी बोलावतेस?

तुझी,
आई


मँचेस्टर
४ मे १९९५

सुनीती,

हे पत्र समोरच्या घरातली अलका लिहितेय. केमिस्टच्या दुकानात काम करते, अक्षर चांगलं आहे आणि आमच्या घरातली नाही, म्हणून तिला बोलावलं. मंजिरीला मी पेनाला हात लावू देणार नाही. का ते तुला ठाऊक आहे.

तुझं पत्र आलं. चार ओळींचं. मंजिरीनं वाचून दाखवलं. मी अलकाकडून पुन्हा वाचून घेतलं, वाटलं मंजिरीनं चुकीचं वाचलं. तेच होतं. "आई, तो पाव गेस्ट हाऊसवालीचा नाही. मी रोज पहाटे घरी भाजत होते, डोनल नेऊन द्यायचा. तीन दिवस तू माझ्या घरचं खाल्लंस. आता काय करशील?"

काय करीन? सांगते काय केलं. दुसऱ्या दिवशी कडक उपास धरला. संध्याकाळी सोडला, कारण मंजिरीनं मुद्दाम थालीपीठं लावली. पण दिवसभर धरला होता, हे लिही अलका.

अगं, लबाड कारटे! मला फसवायला तुला माझंच पोट सापडलं? आणि एकटी नाहीस. तुझा भाऊ लोणी लावून लावून मला भरवत होता. ही सून म्हणे "तसलंच काही बी"! तो जावई पेपर टाकत होता! ती मालकीण लाजत कसली होती, हसू दाबायला आत पळत होती. आख्खं गाव एका म्हातारीला पाव खायला घालत होतं नि म्हातारी हात जोडत होती.

तुला वाटतं मी तुझ्या घरी जेवत नाही ते मानपानासाठी? डोनलराव आपल्यातले नाहीत म्हणून? हे तुझ्या डोक्यात आहे, मला ठाऊक आहे. ऐकून घे. मी तो नेम तुझ्यासाठी धरला होता. तुझी कूस उजवावी म्हणून. सहा वर्षं मनाशी म्हणतेय, एवढं मी पाळते, तेवढं देवा तू बघ. तुझ्या घरातल्या पाण्याची मला तहान लागत नव्हती असं वाटलं का तुला? तू चहा करायचीस तेव्हा आल्याचा वास जिन्यापर्यंत यायचा. मी वर जाऊन बसायचे.

आणि तू तो नेम पावाबरोबर मला गिळायला लावलास. उद्या काही बिनसलं तर कुणाला बोल लावायचा? गेस्ट हाऊसला?

अलका विचारतेय, "आजी, पण चव कशी होती?" हे लिहू नकोस म्हटलं. तिनं लिहिलं. बघ, बाहेरची माणसंसुद्धा ऐकत नाहीत माझं.

तुझ्याकडून माफीबिफी नको. काही लिहूच नकोस. फक्त मला जेवायला कधी बोलावतेस तेवढं कळव. आता तुझं वय वाट बघत बसणार आहे का? इतकी भूल देऊ नये की आपल्यालाच झोप लागावी.

आई


मँचेस्टर
९ मे १९९५

सुनी,

मंजिरीच लिहितेय. आमचा अबोला मोडला, कारण तिनं मला सांगितलं.

ते आधीचं पत्र अलकानं जाता जाता कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. ती गेल्यावर मंजिरी पीठ मळता मळता म्हणाली, "आई, शेवटी काय सांगितलंत लिहायला?" मी म्हटलं, नेहमीचंच, जेवायला कधी बोलावतेस. तिनं पिठाचे हात तसेच ठेवले. म्हणाली, "आई, ते आता विचारू नका. सुनीताईंना तीनदा दिवस राहिले. तीनदा गेले. शेवटच्या वेळी पिशवी काढावी लागली."

मी म्हटलं, "कधी?"

"तीन वर्षं झाली."

मी चप्पल घातली नि त्या पेटीकडे गेले. मंजिरी मागून हाका मारतेय. पेटीच्या फटीत हात घातला, मनगटापुढं जाईना. तिथंच उभी राहिले. पावसाची भुरभुर होती. मग पेटी उघडणारा माणूस आला, सगळी पाकिटं खाली ओतली. मी खुणेनं सांगितलं, माझं द्या. तो भला माणूस, त्यानं विचारलं असेल कुठलं. आणि सुनी, त्या ढिगात माझं कुठलं ते मला ओळखता येईना. सगळी पाकिटं सारखी. माझंच बोलणं, माझ्याच लेकीचं नाव, आणि माझ्या डोळ्यांना दिसल्या त्या नुसत्या मुंग्या. मंजिरी येऊन पोचेपर्यंत त्यानं गाडीचं दार लावलं. म्हणाला, पेटीत पडलं की परत देता येत नाही.

तेव्हा ते तुला आधी पोचलं असेल. शेवटची ओळ वाचली असशील.

मला इतका राग आलाय की मंजिरीला दोनदा पेनाचं टोपण लावायला लावलं आणि दोनदा काढायला.

तीन वर्षं! अतुलला ठाऊक, ह्या बयेला ठाऊक, त्या पबात दार ओढून बसलेल्या सगळ्यांना ठाऊक, आणि मी तिथं लेमोनेड पीत म्हणतेय की नातवंडाचं तोंड दाखवा. मंजिरीनं त्यांना काय सांगितलं ते मी आता विचारलं. म्हणाली, "आई म्हणतात, बटाटा फार छान आहे." देव तिचं भलं करो. आणि थोडं वाईटही करो, तिनं मला तीन वर्षं अंधारात ठेवलं. अतुल म्हणतो, "सुनीनंच सांगू नका म्हटलं होतं, तुला झेपलं नसतं." मला झेपलं नसतं? तुझ्या बाबांना झेपवलं मी! मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणजे मला काही कळायचंही नाही, हे तुम्ही कुठल्या मिटिंगमध्ये ठरवलंत?

तू तीनदा हॉस्पिटलात पडलीस नि उठून परत कामाला गेलीस. तिथं तुझ्या उशाशी कोण होतं? डोनलराव, ते मला कळलं. मी कुठं होते? इथं, दर पत्राखाली एक ओळ लिहवून घेत होते. तू ती वाचत होतीस. मग निदान एकदा उलटून शिवी द्यायची! तू नुसती गप्प बसायला शिकलीस. हे कुणाकडून शिकलीस, माझ्याकडून तर नाही.

त्या दिवसापासून मला माझी आई दिसतेय. अतुल होण्याआधी सात वर्षं माझीही कूस रिकामी होती. ती तासगावाहून मिरजेला यायची, भर चैत्रात, फिरकीचा तांब्या घेऊन. तांब्या वाटेतच संपायचा. मग माझ्या ओसरीवर बसून शेजारच्या कांताबाईकडून पाणी मागायची. माझा माठ आत भरलेला. मी दारात उभी राहून तिला दुसरीच्या घरचं पाणी पिताना बघायची, आणि कांताबाई माझ्याकडे बघायची. अतुल झाला, मग ती पहिल्यांदा माझ्या हातचं जेवली. वांग्याची भाजी नि भाकरी. म्हणाली, "हाताला चव आहे गं तुझ्या." मी रडले होते आनंदानं.

आज मला तिचा राग येतोय. सात वर्षं तिला माझ्या हाताची चव ठाऊक नव्हती! पोटची लेक कसा स्वयंपाक करते ते ठाऊक नव्हतं, आणि ह्याला आम्ही माया म्हणत होतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय. ती वर भेटली की तिला सांगणारच आहे.

आणि तुझ्या हाताची चव मला कळली ती पंचाहत्तराव्या वर्षी, गेस्ट हाऊसात, परक्या बाईच्या नावावर. मी त्या बाईला हात जोडले, सुनी. तुझे हात त्या वेळी पहाटेच उठून पीठ मळून दमलेले असणार. ओवा घातलास ना? ओळखायला हवं होतं मी. तू लहानपणी ओव्याच्या पुऱ्या चोरायचीस.

मंजिरी विचारतेय, "आई, इथं माफ कर असं लिहू का?" मी म्हटलं, लिहून तर बघ. हे पत्र रागाचं आहे, ते रागाचंच राहू दे. तिनं डोळे पुसले नि 'बरं' म्हणाली. पत्रावर एक थेंब पडला असेल तर तो तिचा.

तर आता मी सांगते तसं कर. तो नेम संपला. मी संपवला, तू फसवून मोडलास म्हणून नव्हे. देवाशी माझं बोलणं झालंय, त्यालाही मी बरंच ऐकवलंय. ह्या उन्हाळ्यात मी येणार. गेस्ट हाऊस सांगू नकोस, चहाची ठिकाणं सांगू नकोस. तुझ्या घरात जेवण्याचं टेबल आहे, त्याच्या खिडकीकडच्या खुर्चीवर मी बसेन. कोट काढून बस म्हणजे झालं.

पण त्याआधी तो पाव पाठव. दुकानातला नको, त्या मालकिणीचा नको. तुझ्या ओव्हनमधला, ओवा घालून. मी ओळखीन. गरम असताना डब्यात भरू नकोस, वाफेनं ओलावतो. जाळीवर पुरता निवू दे, मग स्वच्छ फडक्यात बांध. एक नको, दोन पाठव, एक अतुल वाटेतच संपवील. पोस्टात दोन दिवस गेले तरी हरकत नाही, शिळा झाला तर तव्यावर भाजून खाईन. आणि डोनलरावांना सांग, पार्सल तेच नेऊन टाकोत पोस्टात. टीप मिळणार नाही ह्या वेळी.